ऑनलाइन घेतलेल्या जुन्या पेटीला सिगारेटचा उग्र वास येतो, कसा घालवायचा?

तुमचा प्रश्न असा, की जाहिरात बघून एका घरगुती विक्रेत्याकडून जुनी हार्मोनियम घेतली, सुरात आहे, पण भाता हलवला की सिगारेटचा वास तोंडावर येतो. तो कसा घालवायचा, आणि पेटी परत करता येईल का?

परतीचं शेवटी. पेट्या दुरुस्त करणं हेच माझं काम आहे आणि या प्रश्नावर मिळणारी उत्तरं ऐकून डोकं उठतं. आत अत्तराचा बोळा ठेवा, धूप दाखवा, दोन दिवस उन्हात ठेवा, खायचा सोडा भुरभुरा. चारही सल्ले चुकीचे आहेत आणि त्यातले दोन पेटीचं कायमचं नुकसान करतात.

सिगारेटचा वास म्हणजे नुसता वास नव्हे, तो थर असतो. धुरातलं निकोटिन आणि डांबरासारखा चिकट अंश लाकडावर, कातड्यावर, कापडावर बसतो आणि तिथून हळूहळू परत हवेत सुटत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतो. म्हणून हिवाळ्यात घेतलेली पेटी बरी वाटते आणि जूनमध्ये तीच खोलीत ठेववत नाही. अत्तर या थरावर बसतं, थर जागच्या जागी राहतो. धूप म्हणजे आणखी एक धूर. खायचा सोडा अल्कधर्मी, निकोटिनही अल्कधर्मी, त्यामुळे सोड्याचा त्याच्यावर फारसा जोर चालत नाही. वर ती पूड सुरांच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभांच्या, फटीत गेली की सूर घरघरतो किंवा बंदच पडतो. उन्हात सरसाचे सांधे सुटतात, फळ्या वाकतात, चिरा जातात.

पेटीचं दुखणं कपाटापेक्षा वेगळं का, तेही सांगतो. कपाट धुराच्या खोलीत नुसतं उभं असतं. पेटी ती हवा आत ओढते. भात्याच्या भोकांतून खोलीतली हवा आत येते, आतल्या पेटाऱ्यात दाबली जाते आणि सुरांतून, पट्ट्यांखालून बाहेर पडते. वाजवणारा किंवा शेजारचा माणूस ओढत बसला असेल तर धूर पेटीच्या पोटातून फिरलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक पेटी उघडली, तीही ऑनलाइन घेतलेली. बाहेरून चकचकीत, विकण्याआधी नवं पॉलिश मारलेलं. भाता सोडवला तर हवा आत घेणाऱ्या प्रत्येक भोकाभोवती चहाच्या कपाने पडावं तसं तपकिरी वर्तुळ होतं. पांढऱ्या पट्ट्या वरून पिवळसर, पण काढून बाजूने पाहिल्या तर जिथे शेजारची पट्टी टेकते तिथे स्वच्छ पांढऱ्या. पट्ट्यांखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, नाकाशी धरवत नव्हती. वासाचा मोठा साठा तिथे होता, पॉलिश केलेल्या लाकडात नव्हता. आधीच्या माणसाने बाहेरून घासूनपुसून जे केलं ते वासाच्या दृष्टीने वाया गेलं होतं.

म्हणून आधी वास नेमका कुठे आहे ते शोधा. वरचं झाकण, जाळी, तिच्याखालचं कापड, सुटणारे सगळे भाग वेगवेगळ्या स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड बांधा आणि उबदार जागी दिवसभर ठेवा. मग एकेक पिशवी उघडून हुंगा, मध्ये मोकळ्या हवेत जाऊन या, नाहीतर नाक बधिर होऊन सगळंच सारखं वाटतं. भात्यासाठी पेटी बंद ठेवून रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी पहिला झोत हुंगा.

बाहेरचं लाकूड: अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. सुती फडकं बुडवून इतकं पिळा की थेंब गळता कामा नये. एकावेळी वीतभर भाग पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा. फडकं तपकिरी झालं की बाजू बदला, नाहीतर निघालेला थर पुन्हा पसरतो. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी, त्याच पद्धतीने. क्रम महत्त्वाचा. साबण चिकट तेलकट अंश सोडवतो, व्हिनेगरचं आम्ल निकोटिनचं पाण्यात विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर करतं. आधी व्हिनेगर फिरवलं तर ते तेलकट थरावरून नुसतं घसरतं. शेवटी साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं, आणि फडकं पांढरं निघेपर्यंत सगळं पुन्हा. आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी करून बघा. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर लावू नका. जुन्या पेट्यांना बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं. फडक्यावर जो लाल-तपकिरी रंग येतो तो मळ समजून लोक आणखी घासतात, तो पॉलिशचा असतो.

पट्ट्या काढण्याआधी प्रत्येकीच्या पोटाला पेन्सिलने नंबर घाला. दिसायला सारख्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी नीट बसत नाही आणि मग हवा गळते. पांढऱ्या-काळ्या पृष्ठभागाला वरचंच साबण-व्हिनेगर चालतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातल्या ॲसिटोनने सेल्युलॉइड आणि ॲक्रिलिक दोन्ही विरघळतात.

बनात, फेल्ट, पट्टीखालचं मऊ कातडं यांच्या बाबतीत वेळ दवडू नका. हे धुता येत नाही, धुतलं तर आटतं, कडक होतं. बदला. सामान स्वस्त असतं, मजुरी कारागिराची. नवं कातडं जुन्याच जाडीचं आहे ना ते विचारा. जाड पडलं तर पट्ट्या वर-खाली दिसतात आणि हवा गळते. काम झाल्यावर सुरांकडे हवा सोडणारे मुख्य स्टॉपर (समोरच्या ओढायच्या खुंट्या) उघडून, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि सोडा. हवा जितकी हळू उतरेल तितकं काम नीट.

भाता हा सगळ्यात अवघड भाग. पुठ्ठा, कापड, कातडं आणि सरस, आणि सरस पाण्याने सुटतो. म्हणून ओला हात लावायचा नाही. मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने घड्या उघडून बाहेरून-आतून धूळ काढा. मग मोठ्या झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लास्टिकमध्ये उघड्या स्थितीत ठेवा आणि सोबत साधारण एक किलो ॲक्टिव्हेटेड कार्बनचे दाणे सुती पिशव्यांत भरून ठेवा. ते दाणे पाण्याच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्याकडे किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. शेगडीचा कोळसा तितकं काम करत नाही, त्याला तेवढी सच्छिद्रता नसते. दोन ते तीन आठवडे तसंच ठेवा, मध्ये उघडून हुंगत बसू नका. एवढं करूनही पहिला झोत वास घेऊन आला तर भाता नवीन बसवा. पेटीच्या कारागिराला ते नेहमीचं काम आहे.

आतलं कोरं, बिनपॉलिशचं लाकूड वास पितं. ते पिळलेल्या फडक्याने पुसून दोन-तीन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग लाखेचा पातळ हात द्या. लिटरभर स्पिरिटला शंभर ते सव्वाशे ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे), रात्रभर भिजवून गाळलेला. पातळ दोन हात, मध्ये काही तास. लाख वास अडवते, पण आधी थर काढलेला असेल तरच. मळावर मारली तर थोड्या दिवसांनी पिवळे डाग वर येतात. सुरांची फळी जिथे टेकते आणि पट्टीचं कातडं जिथे बसतं तिथे लाख लावू नका. तिथला पृष्ठभाग थोडाही उंचसखल झाला की पेटी गळते.

सुरांना स्वतः हात लावू नका. फार तर कोरडा मऊ ब्रश, रिव्हेटच्या बाजूकडून टोकाकडे, आडवा कधीच नाही. जिभेच्या टोकाकडचं पितळ खरवडलं गेलं तर सूर चढतो, बुडाकडचं गेलं तर उतरतो. पॉलिश पेपरने चमकवलेले सूर दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं सोपं पडतं. आणि भाड्याने मिळणारं ओझोनचं यंत्र पेटीजवळ आणू नका. ओझोन रबराला चिरा पाडतो आणि फुप्फुसांनाही त्रास देतो.

आता परतीचं. मुळात माझा जुना वाद याच गोष्टीवरून आहे. या धंद्यातली जाणती माणसंसुद्धा म्हणतात की सूर चांगले, भाता भरतो, म्हणजे पेटीत दोष नाही, वास हा नाकाचा प्रश्न. मला हे मान्य नाही. बनात, कातडं, कदाचित भाता, एवढं बदलावं लागणारी पेटी सदोषच आहे, आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. शिवाय हा नुसता आवडीनिवडीचाही मामला नाही. पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कॅन्सरकारक नायट्रोसामाइन बनवतं, हे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवलं आहे. मुलं ज्या पेटीवर सा रे ग म शिकणार, तिच्या बाबतीत ‘वाजते ना?’ एवढंच विचारणं मला पटत नाही.

पण कायदा तुमच्या मदतीला फारसा येणार नाही. 1930 च्या माल विक्री कायद्यात मालाच्या दर्जाची गर्भित (न बोलताही कायद्याने धरलेली) हमी मुख्यतः त्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला लागू होते, घरातली एक पेटी विकणाऱ्या माणसाला नाही. तुम्ही थेट विचारलं असेल आणि त्याने खोटं सांगितलं असेल, तर 1872 च्या करार कायद्याखाली फसवणूक किंवा दिशाभूल म्हणून बोलता येतं. म्हणून पुढच्या वेळी पैसे देण्याआधी चॅटवर लेखी विचारा: पेटी ज्या खोलीत होती तिथे कोणी सिगारेट-विडी ओढत होतं का? फोनवर नको. बघायला गेलात तर झाकण उघडून नाक जाळीशी न्या आणि भाता दहा-बारा वेळा हलवा. नव्या पॉलिशचा वास जोरात येत असेल तर का मारलं ते विचारा. आत्ताच्या पेटीसाठी कारागिराकडून बनात, कातडं आणि भात्याचा खर्च लिहून घ्या आणि तो कागद विक्रेत्याला पाठवून तेवढी रक्कम मागा. सरसकट ‘वास येतो’ म्हटल्यावर जो ऐकत नाही, तो आकडा बघून कधीकधी निम्म्यावर तयार होतो.

तीन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. वास ओलसर, मातकट असेल तर ती बुरशी आहे, सिगारेट नव्हे, आणि वरची पद्धत तिला लागू नाही. नामवंत कारागिराच्या हातची जुनी पेटी असेल तर तिचं काहीही स्वतः उघडू नका. स्पिरिट पेट घेतं, लाखेचं काम गॅस आणि देवघरातला दिवा यांच्यापासून लांब, खिडक्या उघडून करा.