एकाही परग्रहाचा धड फोटो नाही, मग सहा हजार ग्रह सापडले हे कशावरून मानायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नासा म्हणते दुसऱ्या ताऱ्यांभोवती सहा हजारांवर ग्रह सापडले, पण बातमीत दरवेळी चित्रकाराने रंगवलेलं चित्र असतं. अवकाश दुर्बिणीला प्रत्यक्षात दिसतो तो फक्त ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी झालेला. मग हा सगळा अंदाजपंचे दाहोदर्से कारभार नाही का?

नाही. मी तर म्हणेन, या शोधात फोटोपेक्षा प्रकाशातली ती घटच जास्त भरवशाची ठरली आहे. फोटोने केवढं फसवलंय ते आधी बघा. फोमलहॉट नावाचा ठळक तारा आहे, आपल्यापासून २५ प्रकाशवर्षांवर. हबल दुर्बिणीने २००४ आणि २००६ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत त्याच्या धुळीच्या कड्याजवळ एक ठिपका सरकताना दिसला. २००८ मध्ये जाहीर झालं की हा ग्रह आहे, आणि दृश्य प्रकाशात थेट टिपलेला ग्रह म्हणून तो जगभर गाजला. पुढे त्याला 'डेगन' असं अधिकृत नावही मिळालं. ठिपका मात्र फिका पडत गेला, पसरत गेला आणि २०१४ च्या छायाचित्रांत दिसेनासा झाला. २०२० मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी सगळी जुनी छायाचित्रं एकत्र तपासून दाखवलं की तो ग्रह नसून दोन बर्फाळ गोळ्यांच्या टकरीतून उडालेला धुरळा असावा. म्हणजे ज्याचा फोटो होता, तोच ग्रह नव्हता.

आता घटीकडे येऊ. ८ जून २००४ ला शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हा सौर चष्मा लावून तुमच्यापैकी अनेकांनी सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका पाहिला असेल. मीही पाहिला होता. ठिपका दिसत होता ती सूर्य आपल्या अगदी जवळ असल्याची कृपा. तोच सूर्य शेकडो प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवला तर बिंबही दिसणार नाही आणि ठिपकाही नाही. पण शुक्राने अडवलेला प्रकाश तरीही कमी झालेला असेल: दहा लाखात साधारण ७६ भाग. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा शोध घेणाऱ्या बहुतेक अवकाश दुर्बिणी हेच मोजतात. लांबून कोणी आपल्या सूर्यावर नजर ठेवली, तर गुरू आडवा आल्यावर त्याला एक टक्का घट दिसेल. पृथ्वी आडवी आल्यावर दहा लाखात फक्त ८४ भाग, तेही वर्षातून एकदाच आणि जेमतेम तेरा तास.

दहा लाखात ८४ हे जमिनीवरून मोजणं जवळपास अशक्य आहे. वातावरणामुळे तारा लुकलुकतो त्यातच ही घट बुडून जाते. शिवाय दिवस उजाडतो, ढग येतात आणि नेमके ते तेरा तास हातचे निसटतात. नासाच्या एम्स केंद्रातले विल्यम बोरुकी हे मोजमाप अवकाशातून करू म्हणून मागे लागले होते. १९९२, १९९४, १९९६ आणि १९९८ अशा चार वेळा त्यांचा प्रस्ताव नाकारला गेला. एवढी सूक्ष्म घट सेन्सर पकडूच शकणार नाही, हा एक मोठा आक्षेप होता. बोरुकींनी प्रयोगशाळेत कृत्रिम तारे उभे करून, त्यांच्या प्रकाशात तेवढीच घट मुद्दाम घडवून ती मोजून दाखवली. २००१ मध्ये मंजुरी मिळाली आणि मार्च २००९ मध्ये केप्लर दुर्बीण उडाली. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्या प्रयोगशाळेतल्या कामाचा, कारण तुमचाच प्रश्न तिथे विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर मोजून दिलं गेलं.

केप्लरबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तिचा फोकस मुद्दाम थोडा बिघडवलेला होता. ताऱ्याचा प्रकाश एकाच पिक्सेलवर एकवटण्याऐवजी अनेक पिक्सेलांवर पसरला की यान किंचित हललं तरी बेरीज फारशी बदलत नाही. देखणी छायाचित्रं काढणं हा तिचा हेतूच नव्हता. हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांच्या भागात एकाच जागी चार वर्षं टक लावून तिने दीड लाखाहून जास्त तारे मोजले, बहुतेकांचं मोजमाप दर अर्ध्या तासाला. एवढे तारे लागतात, कारण ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत असेल तरच तो ताऱ्यावरून जाताना दिसतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या अंतरावरच्या ग्रहासाठी ही शक्यता साधारण अर्धा टक्का आहे.

घट दिसली म्हणजे ग्रह सापडला, असं मात्र कोणी मानत नाही. तिथून खरी झाडाझडती सुरू होते. सगळ्यांत जास्त घोळ घालतात ते जोडतारे. मागे लांब कुठेतरी दोन तारे एकमेकांना ग्रहण लावत असतात, त्यांचा प्रकाश पुढच्या ताऱ्याच्या प्रकाशात मिसळतो आणि मोठी घट पातळ होऊन अगदी ग्रहासारखी दिसते. म्हणून घटीचा आकार बघतात: ग्रहाची घट साधारणपणे सपाट तळाची असते, तर एकमेकांना कडेने घासून जाणाऱ्या ताऱ्यांची टोकदार. एकाआड एक घटींची खोली वेगळी निघाली तर तिथे वेगवेगळ्या तेजाचे दोन तारे आहेत असं समजायचं. घटीच्या वेळी प्रकाशाचा मध्यबिंदू पिक्सेलवर थोडा सरकला, तर मंद झालेला तारा शेजारचा कोणीतरी आहे. या चाळण्यांतून उरलेल्यांवरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. केप्लरच्या यादीतल्या राक्षसी ग्रहांच्या उमेदवारांची जमिनीवरून तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून जास्त उमेदवार ग्रह नव्हतेच, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ही माहिती शास्त्रज्ञांनी स्वतःच शोधून छापली.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर केप्लरचा सगळा डेटा फुकट खुला आहे आणि तो वाचायला 'लाइटकर्व्ह' नावाचं पायथन पॅकेजही फुकट आहे. हॅट-पी-७ या ताऱ्यापासून सुरुवात करा. त्याचा ग्रह २००८ मध्ये जमिनीवरून सापडलेला होता, म्हणून केप्लरने सुरुवातीलाच त्याच्यावर आपला हात तपासून पाहिला. मी त्याचा आलेख काढला तेव्हा आधी दिसली ती ठिपक्यांची लांबच लांब पट्टी आणि तिच्यात ठरावीक अंतराने पडलेले खड्डे, खोली एक टक्क्याहूनही कमी. मग २.२ दिवसांच्या, म्हणजे ग्रहाच्या एका फेरीच्या, कालावधीने सगळे फेरे एकावर एक रचले. खड्ड्याच्या कडा उभ्या आणि रेखीव झाल्या. तळाला किंचित गोलाई दिसली, कारण ताऱ्याचं बिंब मध्यभागी जास्त तेजस्वी असतं आणि कडेला मंद. मग उभी अक्ष ताणून खड्ड्यांच्या मधली जागा बघितली. ती सपाट नाही. ग्रहाची उजेडी बाजू हळूहळू आपल्याकडे वळते तसा एकूण प्रकाश चढत जातो, आणि बरोबर अर्ध्या फेरीपाशी एक दुसरा, इवलासा खड्डा आहे: केप्लरच्या गटाने २००९ मध्ये तो दहा लाखात सुमारे १३० भाग मोजला होता. त्या वेळी ग्रह ताऱ्याच्या मागे गेलेला असतो, म्हणून तेवढा त्याचा स्वतःचा प्रकाश कमी होतो. फोटो नसेल, पण हा त्या ग्रहावरून आलेला प्रकाशच आहे, आणि घरच्या लॅपटॉपवर तो वजा झालेला बघता येतो.

तरीही कोणी म्हणेल की आलेखात माणसाला हवं ते दिसतं. त्याला माझं उत्तर ट्रॅपिस्ट-१ हे आहे. कुंभ राशीच्या दिशेला, चाळीसेक प्रकाशवर्षांवर असलेला हा तारा आकाराने गुरूहून थोडाच मोठा आहे. मिखाएल जिलोन यांच्या गटाने स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण २०१६ च्या सप्टेंबरपासून जवळजवळ वीस दिवस त्याच्यावर रोखली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सात ग्रह जाहीर केले. सहांचे कालावधी पक्के होते. सातवा, सगळ्यांत बाहेरचा, ताऱ्यावरून जाताना फक्त एकदाच दिसला होता. एकाच घटीवरून कालावधी कळत नाही. पण आतल्या सहांची एकमेकांशी लय जुळलेली होती. एकाचे चार फेरे होतात तेव्हा त्याच्या बाहेरच्याचे तीन, अशा प्रकारची. सातवाही त्याच लयीत असेल असं धरून रॉड्रिगो लुगर या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणित केलं. सहा कालावधी शक्य निघाले. त्यांतले पाच आधीच्या निरीक्षणांशी जुळेनात, कारण तसं असतं तर ग्रह आधीच पुन्हा दिसायला हवा होता. उरला १८.७७ दिवस.

योगायोग असा की केप्लर दुर्बीण तेव्हा त्याच ताऱ्याकडे बघत होती. तिची दिशा स्थिर ठेवणारी चार चाकं होती, त्यांतली दोन २०१३ पर्यंत निकामी झाली होती. अभियंत्यांनी यान अशा बेताने वळवलं की सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंवर सारखा पडावा. त्या दाबाचाच तिसऱ्या चाकासारखा आधार घेऊन तिने पुढची चार वर्षं काम केलं. आजारी यानाची इतकी हुशारीने केलेली शुश्रूषा मला दुसरी माहीत नाही. मार्च २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ चा कच्चा डेटा खुला झाला. लुगरच्या गटाने तपासलं, तर सातवा ग्रह बरोबर १८.७७ दिवसांनी, सांगितलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा ताऱ्यावरून जात होता. आधी भाकीत, मग दुसऱ्याच दुर्बिणीतून पडताळा. अंदाजपंचे कामाला हे जमत नाही.

आणखी एक पडताळा तर आपल्या जवळच झाला आहे. केप्लरच्या याच दुसऱ्या डावात एका ताऱ्याच्या प्रकाशात १९.५ दिवसांनी घट पडताना दिसली. घटीवरून ग्रहाचा व्यास कळतो, वस्तुमान नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने अबूच्या पहाडावर, गुरुशिखराच्या वेधशाळेतल्या १.२ मीटरच्या दुर्बिणीवर 'पारस' हा वर्णपटमापक (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मोजणारं यंत्र) लावून, ग्रहाच्या ओढीने होणारी त्या ताऱ्याची डगमग मोजली. २०१८ मध्ये निकाल आला: व्यास पृथ्वीच्या सहापट, वस्तुमान सुमारे २७ पट. घट एखाद्या छोट्या ताऱ्यामुळे असती तर हा आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला असता. दोन संपूर्ण वेगळ्या पद्धती, एक अवकाशातून आणि एक अबूवरून, एकाच वस्तूकडे बोट दाखवतात तेव्हा तिथे ग्रह आहे हे मानण्यावाचून गत्यंतर नसतं.

खरे फोटोही आहेत, पण मोजके आणि बहुतेक करून मोठ्या, ताऱ्यापासून लांब असलेल्या ग्रहांचे. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने बारा प्रकाशवर्षांवरच्या एप्सिलॉन इंडी या ताऱ्याचा प्रकाश झाकून त्याच्या गुरूहून वजनदार ग्रहाचं अवरक्त छायाचित्र घेतलं, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातही ग्रह म्हणजे एक ठिपका आहे. ढगांचे पट्टे, समुद्र वगैरे तुम्ही बातमीत बघता ते चित्रकाराचंच काम. संपादकांनी तसं ठळक लिहायला हवं, याबाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

तुमचा संशय मी दुसरीकडे वळवेन. पृथ्वीसारख्या लांब कालावधीच्या, छोट्या ग्रहांच्या बाबतीत तो रास्त आहे. केप्लर-४५२बी हा २०१५ मध्ये 'दुसरी पृथ्वी' म्हणून गाजला. कालावधी ३८५ दिवस, त्यामुळे चार वर्षांत हाताशी आल्या त्या मोजक्याच घटी. २०१८ मध्ये केप्लरच्या डेटावर काम केलेल्या मंडळींनीच दाखवून दिलं की इतक्या क्षीण संकेतांमध्ये यंत्राचा गोंगाट किती हे बघता त्याला पक्का ग्रह म्हणता येत नाही.

दुसरी जागा म्हणजे वातावरणाच्या बातम्या. डब्ल्यूएएसपी-३९बी या तप्त ग्रहावर वेबला २०२२ मध्ये कार्बन डायऑक्साइड मिळाला, तो संकेत इतका ठळक आहे की त्यावर वादच नाही. पण के२-१८बी या ग्रहावर एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा जाहीर केल्या आणि आपल्याकडच्या वाहिन्यांनी लगेच जीवसृष्टी सापडल्याचे मथळे दिले, ते प्रकरण वेगळं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांपासून येतो हे खरं. पण तो संकेत 'तीन सिग्मा' पातळीचा होता (सिग्मा म्हणजे संकेत निव्वळ योगायोग नसल्याची खात्री किती, याचं माप) आणि शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात, हे त्या गटानेही सांगितलं होतं. त्यानंतर इतरांनी तोच डेटा वेगळ्या रीतीने तपासला तेव्हा त्यांना ठोस पुरावा मिळाला नाही. ग्रह मात्र तिथे आहे, दर ३३ दिवसांनी ताऱ्यावरून जातो आहे, आणि त्याच्या हवेत मिथेन आहे हे बऱ्यापैकी पक्कं आहे. बाकीचं ठरवायला वेबचे आणखी पुष्कळ तास त्याच ताऱ्यावर खर्चावे लागतील.