बारीक असलीस म्हणून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, रिपोर्टही बघितला. रक्तातली सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी ५.९, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड्स २१०, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३६, आणि वजन ४८ किलो. ‘बाई, मी तर बारीक आहे, मग हे कसं?’ असं विचारलं आहेस. खाली लिहितेस की घाबरून रात्रीची भात-पोळी बंद केली आणि नुसतं सूप पितेस. आधी ते सूप थांबव. तुला वजन उतरवायचं नाहीये. तुला मांड्या, पाठ आणि दंड कमवायचे आहेत.

हे मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण चव्वेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला तेव्हा माझं वजन ४९ किलो होतं. त्याआधी चार-पाच वर्षं थकवा यायचा. दाखवायला गेलं की, ‘तुम्ही सडपातळ, तुम्हाला शुगर कशाला होईल,’ असं म्हणून रक्त न तपासताच परत पाठवायचे. मलाही ते बरं वाटायचं. माझी ती वर्षं हातची गेली. तुझ्या हातात ती अजून आहेत. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, आणि तिथून मागे फिरता येतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण मॅरेथॉन धावणाऱ्या युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. आपल्याकडे हे जन्मापासून चालत येतं. पुण्याजवळच्या सहा गावांमधली बाळं याज्ञिकांच्या गटाने मोजली आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच होती. तेव्हा तुझा काही गुन्हा झाला असं मनात आणू नकोस. आपली ठेवणच अशी आहे, ती ओळखून वागायचं.

आता स्नायूंचाच आग्रह का, ते सांगते. वर्गात फळ्यावर काढायचे तसं समज. जेवल्यावर रक्तात जी साखर येते, ती साठवणारी सगळ्यात मोठी कणगी म्हणजे स्नायू. कणगी लहान असली, किंवा दिवसभर बसून राहिल्याने आतलं धान्य कधी उपसलंच गेलं नाही, तर नवीन धान्य ठेवायचं कुठे? उरलेलं यकृताकडे जातं. यकृत त्याची चरबी करतं, थोडी स्वतःत साठवतं आणि बाकीची रक्तात सोडतं. ते तुझे ट्रायग्लिसराइड्स. ते वाढले की एचडीएल खाली येतं आणि एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण बारीक, दाट होतात. हे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात. साखरेचा प्रश्न हृदयाचा होतो तो असा. म्हणून तुझ्या रिपोर्टातले तीन आकडे मला तीन आजार वाटत नाहीत, एकाच अपुऱ्या कणगीच्या तीन खुणा वाटतात.

आणि आकुंचन पावणारा स्नायू, साखर पेशीत पोचवणाऱ्या इन्शुलिनची वाट बघत नाही. तू चालतेस, जिना चढतेस, तेव्हा पेशीच्या आत दडलेले साखरेचे वाहक, ग्लुट-४ म्हणतात त्यांना, आपोआप पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही ही वाट बहुतेक शाबूत असते. शिकवताना मला हे फार आवडायचं. आता स्वतःच्या ग्लुकोमीटरवर बघते तेव्हा त्याहून आवडतं.

आपल्या आज्या रात्री जेवून शतपावली घालायच्या. ती सोडू नकोस, फक्त शंभर पावलांवर थांबू नकोस. दहा-पंधरा मिनिटं चाल, आणि दुपारच्या जेवणानंतरही चाल. हिंजवडीत तुमच्या ऑफिसच्या आवारात एवढा रस्ता नक्की असेल. जेवल्याबरोबर खुर्चीत जाऊन बसणं, हेच तुझं सगळ्यात मोठं नुकसान करतं आहे. १९५३ साली संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांमधल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारीचा कमरेचा घेर भरती होतानाच मोठा निघाला. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही हे त्यांनी स्वतःच दाखवलं. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा भावतो. तूही टेप घेऊन बेंबीच्या पातळीला माप घे. बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या आत हवं. वजनाची वही बंद कर, ही उघड.

चालणं मात्र तुला पुरणार नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं ही निम्मी गोष्ट झाली. आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंवर भार पडायला हवा. बैठका मार. मांड्या म्हणजे अंगातली सर्वांत मोठी कणगी. सुरुवातीला खुर्चीला टेकून उठ-बस कर, आठ-आठच्या तीन फेऱ्या. मग खुर्ची काढ. मग हातात पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन घे. जोर आधी भिंतीवर हात टेकून, मग ओट्यावर, मग जमिनीवर. भार थोडाथोडा वाढवत न्यायचा, हे विसरू नकोस, कारण त्याच भाराला स्नायू लवकर सरावतो आणि वाढायचा थांबतो. सूर्यनमस्कार छान, मीही घालते, पण वाढता भार त्यात मिळत नाही. ‘मुलीने वजनं उचलली की अंग पुरुषासारखं होतं,’ असं घरात कोणी म्हणेल. तसं होत नाही. तेवढं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, तुझ्यात नाही.

आता ताटाकडे वळू. तू लिहिलंस तो दिवस मी वहीत मांडला. सकाळी पोहे, चहा-बिस्किट, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी खारी, रात्री सूप. प्रथिनांची बेरीज माझ्या हिशेबाने वीस-बावीस ग्रॅमच्या वर जात नाही. तुझ्या वजनाला किमान चाळीस हवीत, आणि बैठका मारणार असशील तर त्याहून जास्त. विटाच नसतील तर गवंडी काय बांधणार? एक वाटी मटकीची उसळ साधारण आठ ग्रॅम, एक अंडं सहा, मूठभर शेंगदाणे सात, पेलाभर दूध सहा. पोह्यांत मटारदाणे आणि मोड आलेले मूग पडू देत, शेजारी उकडलेलं अंडं ठेव. डब्यात बटाट्याऐवजी उसळ किंवा घट्ट आमटी ने. रात्री पिठलं-भाकरी खा, पण पिठलं भरपूर आणि भाकरी एक.

भात सोडू नकोस. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, आणि भात शेवटी थोडा, अशा क्रमाने जेवलीस तर तोच भात साखर कमी उसळवतो. आपल्याकडे पान वाढताना डावी बाजू आधी वाढतात, ती आधी खायलाही हरकत नाही. उपवासाच्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं, त्यापेक्षा वरी आणि दाण्याची आमटी बरी. गूळ साखरेसारखाच वागतो, त्यावर विसंबू नकोस. खारी आणि बेकरीच्या पदार्थांत वनस्पती तूप असतं. २०२२ पासून देशात ट्रान्स फॅटची, म्हणजे अशा तुपातल्या घातक चरबीची, मर्यादा दोन टक्क्यांवर आणली हे खरं, पण खारीत तुझ्या कामाचं तरीही काही नाही. त्या वेळी शेंगदाणे-फुटाणे खा. लोणचं आणि पापड एका जेवणात दोन्ही घेऊ नकोस. दिवसाचं सगळं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा असावं लागतं.

एवढ्याने खरंच फरक पडतो का, असं तुला वाटेल. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तुझ्यासारखेच उंबरठ्यावरचे ५३१ लोक होते. तीन वर्षांत, ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि हालचाल बदलली त्यांच्यात ३९ जणांना. त्यांची वजनं फारशी उतरलीच नव्हती, तरीही. वजनकाट्यावर काही दिसलं नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात सोडून देशील, अशी मला भीती वाटते. तेव्हा हा आकडा आठव.

झोपेचं इथे लिहीत नाही. रात्रपाळीचं भेटल्यावर बोलू.

एक गोष्ट मात्र भीतीपोटी नाही, काळजीने लिहिते. तुझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी एकोणपन्नासाव्या वर्षी झाली. वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार होणं ही मुलांसाठी नोंद घ्यायची गोष्ट असते. डॉक्टरांना हे स्वतःहून सांग आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, तपासून घे. ते आनुवंशिक असतं, उसळ आणि बैठकांनी हलत नाही, पण माहीत असलेलं बरं. चालताना छातीत दडपल्यासारखं झालं, किंवा दम नेहमीपेक्षा वेगळा लागला, तर तिथेच थांब आणि दाखवून घे. आणि वडिलांनी माझं हे पत्र वाचून त्यांच्या गोळ्या बंद करू नयेत, हे त्यांना माझं नाव घेऊन सांग.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगतो, म्हणून त्याआधी पुन्हा तपासू नकोस. दर रविवारी मला फक्त दोन गोष्टी लिहून पाठव: किती बैठका झाल्या, आणि कमरेचं माप. पहिल्या रविवारी आठच झाल्या तरी तेवढंच लिही, जास्त सांगू नकोस.

तुझ्या,
बाई