कार्ब्युरेटर उघडण्याआधी

प्रश्न: काका, वडिलांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं शेडमध्ये उभी होती. बॅटरी आणि पेट्रोल बदलून सुरू केली. चोक अर्धा ओढून ठेवला की चालते, आत ढकलला की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) बंद पडते. कार्ब्युरेटर बाहेरून ओला असतो, वासही येतो. आमचा मेकॅनिक म्हणतो, हा फेका, मारुती 800 चा बसवतो. आई म्हणते, चिंचेच्या पाण्यात उकळ, पितळ लख्ख होईल. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, मिरज

उत्तर: दोघांचंही नको. कार्ब्युरेटर इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देतो. मारुतीचा 796 सीसीच्या इंजिनासाठी बेतलेला, तुमचं इंजिन 1089 सीसीचं. आयडलला छान चालेल आणि चढावर गुदमरेल. आईंना सांगा, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) पितळेचे असले तरी बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आहे. आंबट लागलं की ती खाल्ली जाते. चिंच आमटीतच बरी.

माझ्या टेबलावर आलेले बहुतेक सोलेक्स (तुमच्या गाडीतला कार्ब्युरेटर याच कंपनीच्या नावाचा) घाणीने बिघडलेले नव्हते, दुरुस्तीने बिघडलेले होते. म्हणून पाना उचलण्याआधी पॉइंट, प्लग आणि कॉइल तपासा. ठिणगी अशक्त असली तरी शिव्या कार्ब्युरेटरलाच बसतात. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. तुमच्या गाडीत त्याने फरक पडतोय, म्हणजे आयडलला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. ओलेपणाचं दुखणं वेगळं, ते फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) आणि नीडलचं (तो वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई).

बॅटरीची तार काढा, काम उघड्यावर करा, विडी-सिगारेटवाल्या मदतनिसाला चहा आणायला पाठवा. वरचं झाकण काढलं की तळाशी मधासारखा चिकट थर दिसेल. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेलं की हेच मागे उरतं. आयडलला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं भोक सगळ्यात बारीक, म्हणून ते आधी बुजतं. जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर ठेवा, मग पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारा. जेट बसतो ती वाटही हवेने मोकळी करा, नाहीतर नुसता जेट चमकवून उपयोग नाही. अगदीच अडलं तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस घाला. तार घालायची नाही, म्हणजे नाहीच. जेटवर 110 लिहिलेलं असेल तर त्याचं भोक 1.10 मिलिमीटरचं असतं. तारेने खरवडून ते पाच शतांश मिलिमीटरने वाढलं तरी क्षेत्रफळ 9 टक्के वाढतं. मग गाडी काळा धूर सोडते, आणि कारण कुणालाच सापडत नाही, कारण जेटवरचा आकडा तर बरोबर असतो!

आता फ्लोट. कानाजवळ धरून हलवा. आत खळखळ झाली तर तो फुटलाय, पेट्रोल भरल्याने जड होऊन बुडतोय. कडकडीत गरम पाण्यात बुडवा (पाणी चुलीवरून उतरवून, अंगणात आणून). बुडबुडे जिथून येतील तिथे चीर आहे. आतलं पेट्रोल पूर्ण निघून वाफही उडून गेल्याशिवाय कथलाचा डाग द्यायला घेऊ नका, फ्लोट हातात फुटेल. डागही थेंबभरच द्या. कथील जास्त झालं की फ्लोटचं वजन वाढतं आणि पेट्रोलची पातळी वर जाते.

फ्लोट चांगला निघाला तर नीडल पाहा. टोकाला गोल खाच पडली असेल तर नीडल व्हॉल्व्हचा अख्खा सेट बदला. त्याच्याखालचा वायसर जपून ठेवा. सोलेक्समध्ये पातळी त्या वायसरच्या जाडीवर ठरते. मिस्त्री लोक तो हरवतात किंवा हाताला येईल तो दुसरा टाकतात, आणि गाडी आयुष्यभर ओव्हरफ्लो होत राहते.

शेवटी खालची फ्लँज, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनावर बसतो ती चपटी कड. दोन नट गच्च आवळून आवळून ती मधोमध उचलली जाते आणि तिथून हवा ओढते. तुमच्या गाडीत हे असण्याची मला दाट शंका आहे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज त्यावर गोल फिरवा. जिथे घासलं जात नाही तिथे खड्डा. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. पॅकिंग नवीन घाला, नट आलटून-पालटून आवळा, आणि हाताला बेताचा जोर लागला की पाना खाली ठेवा. थ्रॉटलची दांडी बोटांनी हलवून बघा. ती खडखडत असेल तर हवा तिथूनही जाते, मग लेथवाल्याकडे बुश बसवून घ्यावे लागतील.

जोडून झालं की इंजिन चांगलं गरम होऊ द्या. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग फुकट जातं. इंजिन बंद करून मिक्श्चर स्क्रू (आयडलचं मिश्रण ठरवणारा) अलगद टेकेपर्यंत आत घ्या, मग दीड आटा बाहेर. पुन्हा सुरू करा आणि इंजिन सगळ्यात एकसारखं बोलेल तिथवर थोडा थोडा फिरवा. आयडलचा वेग त्यानंतर उतरवा.

प्रश्न: मे महिन्यात घाट चढताना आमची फियाट बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की निमूट सुरू होते. कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला.
– एक वाचक, फोंडा

उत्तर: तिसऱ्यांदा करू नका. बंद पडताक्षणी प्लगची ठिणगी पाहा. नसेल तर कॉइल तापून दगा देतेय. असेल तर एसी पंपात (टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप) किंवा पाइपात पेट्रोलची वाफ अडकलीय. खंडाळ्याच्या घाटात जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते याचसाठी. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून दूर घेणं आणि कार्ब्युरेटरखालचं जाड, उष्णतारोधक पॅकिंग जागेवर आहे का ते बघणं. कुणीतरी ते काढून पातळ कागदी पॅकिंग घातलेलं असतं.

प्रश्न: 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या गाडीचा जेट बदलावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी रबर बदला: पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरच्या पिकअप पंपाचा (ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल देणारा) पडदा. जुनं रबर इथेनॉलने फुगतं किंवा कडक होतं. टाकीतला जुना गंजही सुटून खाली येतो, तेव्हा फिल्टर लावा. जेटचं म्हणाल तर साध्या पेट्रोलच्या एका किलोला सुमारे 14.7 किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन थोडं जास्त हवं, हिशेबाने 110 च्या जागी 115. पण जुन्या गाड्या बऱ्याचदा मुळातच थोड्या रिच (पेट्रोल जास्त) लावलेल्या असतात. वीसेक किलोमीटर चालवून प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर काही करू नका. पांढराफटक असेल तरच मोठा जेट घाला, आणि तो दुकानातून आणलेला, घरी तारेने मोठा केलेला नव्हे. महिनाभर गाडी काढणार नसाल तर इंजिन बंद असताना टाकीकडून पंपात येणारा पाइप सोडवून त्याच्या तोंडाला बूच मारा, आणि मग कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.