युद्धानंतरची अमेरिकी सुबत्ता : कशामुळे आली आणि कोणाच्या वाट्याला आली?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात युरोप आणि जपानमधील कारखाने बेचिराख झाले, अमेरिकेतले मात्र शाबूत राहिले, आणि केवळ म्हणूनच १९४५ नंतर अमेरिका सुबत्तेत न्हाऊन निघाली, असे आमच्या वाचनगटात बहुतेकांचे मत पडले. हे कारण पुरेसे मानावे काय?

उत्तर : कारण खरे आहे, परंतु पुरेसे नाही. जागतिक बाजारात काही वर्षे अमेरिकेला तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नव्हता, १९४४ च्या ब्रेटन वुड्स येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने डॉलरला जागतिक चलनव्यवस्थेच्या केंद्रस्थानी बसवले होते, आणि १९४८ पासून मार्शल योजनेतून, म्हणजे युरोपच्या पुनर्उभारणीसाठी अमेरिकेने दिलेल्या मदतीतून, पश्चिम युरोपला मिळालेल्या सुमारे १३ अब्ज डॉलरांपैकी मोठा भाग अमेरिकी मालाच्या खरेदीतच परत आला. तरीही त्या काळात अमेरिकेची निर्यात तिच्या एकूण उत्पादनाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी होती. गाड्या, फ्रीज, धुलाईयंत्रे आणि घरे यांचा मुख्य गिऱ्हाईक अमेरिकी माणूसच होता. तेव्हा विचारायला हवे ते असे, की १९४० मध्ये ज्या देशात दर सात कामगारांमागे एक बेकार होता, त्या देशातील सामान्य कुटुंबाला दहा वर्षांत एवढी खरेदी करण्याची ऐपत आली कुठून?

उत्तराचा पहिला भाग युद्धकाळातील बचतीचा आहे. कारखाने रात्रंदिवस चालू असल्यामुळे १९४४ मध्ये बेकारी जेमतेम एक टक्क्यावर आली होती आणि घरोघर पगार येत होते, पण खर्च करायला वस्तूच नव्हत्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन थांबवण्यात आले आणि साखर, पेट्रोल, टायर यांचे रेशनिंग झाले. साहजिकच पैसा बँकांत आणि सरकारने युद्धखर्चासाठी विकलेल्या युद्धरोख्यांत साठत गेला. सुमारे सव्वा कोटी सैनिक गणवेश उतरवून परत येतील आणि सरकारी खर्च एकदम आटेल, तेव्हा तिशीच्या दशकातील महामंदी पुन्हा येईल, अशी भीती अनेक अर्थतज्ज्ञांना वाटत होती. १९४६ चे संप आणि महागाई यांनी लोकांना बरेच सतावले, परंतु महामंदी परतली नाही, कारण साठलेला पैसा आणि वर्षानुवर्षे दबलेली मागणी एकाच वेळी बाजारात उतरली.

मात्र साठलेली बचत दोन-चार वर्षांत संपते. भरभराट पंचवीस वर्षे टिकली ती कायद्यांमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यांत मी सर्वांत वरचे स्थान जीआय बिलाला, म्हणजे युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी केलेल्या कायद्याला, देतो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी, म्हणजे युद्ध चालू असतानाच, या कायद्यावर सही केली. पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक १९३२ मध्ये युद्धसेवेबद्दल कबूल झालेला आपला बोनस मागायला वॉशिंग्टनला जमले असता लष्कराने त्यांना हुसकावून लावले होते, आणि ती नामुष्की कोणीही विसरले नव्हते. नव्या कायद्याने परतलेल्या सैनिकाला शिक्षणाचे शुल्क, शिकत असताना निर्वाहभत्ता, बेकारभत्ता आणि कर्जाला सरकारी हमी दिली. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख जणांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले, आणि त्यांपैकी सुमारे २२ लाख महाविद्यालयांत व विद्यापीठांत गेले. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची शेवटची इयत्ताही ओलांडली नव्हती असे कितीतरी तरुण अभियंते आणि शिक्षक झाले.

घरांच्या बाबतीत तर हप्त्यांची रचनाच बदलली होती. महामंदीपूर्वी घर घेणाऱ्याला बहुधा निम्मी रक्कम आधी भरावी लागे आणि उरलेले कर्ज काही वर्षांतच फेडावे लागे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जांना विमा, म्हणजे कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी, दिल्यावर वीस-तीस वर्षांचे समान मासिक हप्ते रूढ झाले, आणि माजी सैनिकांना तर पुष्कळदा आगाऊ रक्कम न भरताच घर मिळू लागले. ही मागणी ओळखून लेव्हिट या घरबांधणी कंपनीने १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत बांधकाम सुरू केले. तेथे कामाचे लहान लहान टप्पे पाडून प्रत्येक तुकडी एका घराकडून दुसऱ्या घराकडे तेच एक काम करत जाई, आणि १९५१ पर्यंत या लेव्हिटटाउनमध्ये १७ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचे प्रमाण १९४० मध्ये सुमारे ४४ टक्के होते, ते १९६० मध्ये ६२ टक्के झाले.

हे हप्ते फेडता आले, कारण पगार वाढत होते. सुमारे एकतृतीयांश कामगार संघटित होते. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि मोटार कामगार संघटना यांच्यात झालेल्या पाच वर्षांच्या करारात महागाईबरोबर वेतनवाढ, दरवर्षी ठरावीक सुधारणा आणि निवृत्तिवेतन मान्य झाले, आणि इतर मोठ्या उद्योगांनाही तोच कित्ता गिरवावा लागला.

प्रश्न : या सुबत्तेमुळे रोजच्या जगण्यात सर्वांत मोठा बदल कोणता झाला, आणि तो सर्वांच्या वाट्याला आला का?

उत्तर : दूरचित्रवाणीचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि १९५० मध्ये दहांतील एकाही घरात नसलेला संच १९६० पर्यंत दहांतील जवळजवळ नऊ घरांत पोहोचला, हे खरेच आहे. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१ हजार मैलांच्या रस्त्यांना मंजुरी दिल्यावर उपनगरातले घर, शहरातली नोकरी आणि मोटार ही सांगडही पक्की झाली. तथापि मला सर्वांत मोलाचा बदल न्हाणीघरातला वाटतो. १९४० मध्ये अमेरिकेतील जवळजवळ निम्म्या घरांत नळाचे गरम पाणी, आंघोळीची सोय आणि स्वतंत्र शौचालय या तिन्ही गोष्टी एकत्र नव्हत्या, आणि निम्म्याहून अधिक घरे कोळशावर ऊब मिळवत. १९६० पर्यंत अशा अपुऱ्या सोयींची घरे सुमारे सहांत एक एवढीच उरली. पाणी तापवणे आणि राख काढणे यांत जाणारा बाईमाणसाचा वेळ वाचला. युद्ध संपताच कारखान्यांतून स्त्रियांना कमी करण्यात आले आणि सरकारी मदतीवर चालणारी पाळणाघरे १९४६ मध्ये बंद पडली, तरीही १९६० मध्ये नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण युद्धकाळापेक्षा जास्त होते. त्या काळातील जाहिरातींमधल्या सुखी गृहिणीवरून सगळ्या स्त्रियांविषयी अनुमान काढणे चुकीचे ठरते.

सर्वांच्या वाट्याला मात्र ही सुबत्ता आली नाही, आणि हा निव्वळ योगायोग नव्हता. गृहनिर्माण प्रशासन कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना धोकादायक ठरवून तेथील कर्जांना विमा नाकारी. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कोणी तेथे राहू नये अशी अट होती, आणि अशा अटींची न्यायालयांनी अंमलबजावणी करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितल्यावरही कंपनीने कृष्णवर्णीयांना घरे विकली नाहीत. पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटटाउनमध्ये १९५७ साली मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब जुन्या मालकाकडून घर घेऊन राहायला आले, तेव्हा जमावाने त्यांच्या घरावर दगड फेकले. जीआय बिलाची अंमलबजावणी स्थानिक कार्यालये आणि बँका यांच्या हाती असल्यामुळे दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकाला कायद्याने दिलेली हमी बँकेच्या दारातच निरुपयोगी ठरे. मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांची पुढील पिढ्यांना मिळालेली संपत्ती मुख्यतः घराच्या वाढलेल्या किमतीत होती, त्यामुळे त्या काळी घर नाकारले गेल्याचा तोटा मुलानातवंडांपर्यंत पोहोचला. घरविक्रीतील वंशभेदाला मनाई करणारा संघीय कायदा १९६८ मध्ये आला, तोवर स्वस्त उपनगरी घरांची ती मोठी लाट बव्हंशी ओसरली होती.