कंटाळ्याच्या दिवसाची तयारी आधीच करा

रोज नवा पदार्थ करण्याचा संकल्प सोडला नाहीत, तर पंधरा दिवसांतच तुम्ही स्वयंपाकाचा धसका घ्याल. म्हणून घरातल्या सर्वांना चालणारे पाच-सहा पदार्थ ठरवा आणि सुरुवातीला तेच आलटून पालटून करा.

वेळ आणि पैसा दोन्ही वाचवणारी खरी सवय म्हणजे कडधान्ये एकदम शिजवून ठेवणे. रात्री भिजत घातलेले वाटीभर कोरडे कडधान्य शिजल्यावर अडीच ते तीन वाट्या होते. त्यातले निम्मे लगेच वापरावे, उरलेले पसरट भांड्यात निववून 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे ते 3 ते 4 दिवस टिकते आणि थकून आलेल्या संध्याकाळी केवळ कांदा परतण्याचे काम उरते. (राजमा मात्र भिजवलेले पाणी टाकून किमान 10 मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे, अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो.)

यादी न करता खरेदीला जाणे आणि स्वस्त मिळाली म्हणून भाराभर पालेभाजी आणणे, या दोन चुका नवशिक्यांकडून हमखास होतात. मसाल्यांचे बारकावे तूर्त बाजूला ठेवा. ज्या दिवशी काहीच करावेसे वाटणार नाही, त्या दिवशी नुसती अंडी आणि भात वाढलात तरी मनाला लावून घेऊ नका.