'वाङ्मयचौर्य करणारी इन्स्टाकवियत्री' असं लिहावं का?

देवगडच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय की कॉलेजच्या भित्तिपत्रकात रूपी कौर ह्या कॅनडातल्या, पंजाबी घरातल्या कवयित्रीवर लेख आलाय, त्यात तिला 'वाङ्मयचौर्य करणारी इन्स्टाकवियत्री' म्हटलंय, तर हे शब्द बरोबर आहेत का.

आधी शुद्धलेखन. कवयित्री. वेलांटी 'व'ला नाही, 'य'ला. ही चूक छापील पुस्तकांतही दिसते.

'इन्स्टाकवयित्री' मला चालतो, पण तो शिवीसारखा वापरू नये. तिला वाचक कुठे भेटले एवढंच तो सांगतो. 2014 मध्ये तिने 'मिल्क अँड हनी' हे कवितांचं पुस्तक स्वतःच काढलं, पुढच्या वर्षी अँड्र्यूज मॅकमील प्रकाशनाने घेतलं आणि मग ते लाखांनी खपलं. आपल्याकडे चारोळी गाजली तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती, पण म्हणून चारोळी हा शब्द काही वाईट ठरला नाही.

खरी अडचण 'वाङ्मयचौर्य'ची आहे. एकतर लेखात दोन वेगळे वाद एकत्र केलेत. 2015 मध्ये पाळीच्या डागाचा तिचा फोटो इन्स्टाग्रामने काढून टाकला आणि नंतर परत लावला, त्याचा चोरीशी काही संबंध नाही. दुसरा वाद नय्यिरा वहीद ह्या कवयित्रीचा, तिने आपल्या आणि रूपीच्या कवितेतल्या फार जास्त साम्यावर आक्षेप घेतला, मग वाचकांनीही दोघींच्या कविता शेजारी ठेवून बघितल्या, तुटक ओळी, मधाच्या प्रतिमा, इंग्रजीत सगळी अक्षरं लहान लिहिणं वगैरे. ह्यातल्या लहान अक्षरांबद्दल रूपीचं म्हणणं असं की पंजाबीच्या गुरुमुखी लिपीत मोठी-लहान अक्षरं नसतातच, त्या लिपीच्या आदराने ती तसं लिहिते. देवनागरीतही नसतात, त्यामुळे मराठीत वाचताना हा मुद्दा आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि लेखातूनही तो गळलाय.

आता सिंधुदुर्गात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकणाऱ्या माणसाला हा फरक समजावायची गरज नाही. बुवा सिनेमातल्या गाण्याची चाल घेऊन गजर लावतात, त्याला 'चाल घेतली' म्हणतात. शब्द जसेच्या तसे आपल्या नावावर खपवले तर मात्र 'ढापले' म्हणणार. वाङ्मयचौर्य म्हणजे हे दुसरं. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून देणं. शैली जुळत असेल तर मराठीत 'छाप', 'अनुकरण', फार राग आला असेल तर 'नक्कल' असे चांगले शब्द आहेत. नकलेचा राग येऊच नये असं मी म्हणत नाहीये, वहीदची तक्रार गंभीरच आहे, पण 'चौर्य' म्हटलं की आरोप सिद्ध झाला असं वाचणाऱ्याला वाटतं.

त्यामुळे ते वाक्य असं करा: 'इन्स्टाग्रामवरून प्रसिद्ध झालेली कवयित्री, नय्यिरा वहीदच्या शैलीची नक्कल केल्याचा तिच्यावर आक्षेप आहे.' 'आक्षेप आहे' हे दोन शब्द जागेअभावी गाळू नका.