सूत्रं पाठ आहेत, तरी रेखांकित भाग कोराच

दहावीतल्या मुलीची आई काळजीत होती. वर्तुळाचं आणि वर्तुळपाकळीचं (दोन त्रिज्या आणि कंस यांमधल्या भागाचं) सूत्र मुलगी झोपेतही सांगेल, पण ‘रेखांकित भागाचे क्षेत्रफळ काढा’ असं दिसलं की पेपरात जागा सोडून पुढे जाते. ‘भूमितीत हिचं डोकंच चालत नाही का?’ महत्त्वमापनाचं (क्षेत्रफळ-घनफळाचं) प्रकरण सुरू झालं की हा प्रश्न बऱ्याच घरांत निघतो.

वही पाहिली तर जागा अगदी कोऱ्या नव्हत्या. जिथे तिथे πr² लिहून खोडलेलं. एक गणित असं: 14 सेमी बाजूचा चौरस, चारही शिरोबिंदू केंद्र धरून 7 सेमी त्रिज्येचे कंस, मधे उरलेली चांदणी रेखांकित. काय अडलं विचारल्यावर उत्तर आलं, “याचं सूत्र आठवत नाही.” त्या चांदणीला पुस्तकात सूत्रच नाही, मग आठवणार कुठून?

पेन बाजूला ठेवून तिला एवढंच विचारलं, की कागद केवढा होता आणि त्यातून काय कापलं. “चौरस होता, चार पाव वर्तुळं गेली.” हेच वाक्य आकड्यांआधी वहीत लिहायचं: रेखांकित = चौरस − 4 पाकळ्या. चार पाव मिळून एक पूर्ण वर्तुळ, π = 22/7 धरून 154, म्हणून 196 − 154 = 42 चौसेमी. पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे हे वाक्य वाया जात नाही.

झाडाच्या पानासारख्या आकाराला वजाबाकी लगेच दिसत नाही. त्याच चौरसात समोरासमोरच्या दोन शिरोबिंदूंपासून 14 सेमी त्रिज्येच्या पाकळ्या काढल्या तर प्रत्येकी 154, मिळून 308. चौरस तर 196 चा! जास्तीचे 112 म्हणजे दोनदा मोजलं गेलेलं पान, आणि तेच उत्तर. इथे कार्डशीटच्या दोन पाकळ्या कापून एकीवर एक ठेवल्या तेव्हा तिला पटलं. नुसतं सांगून पटत नाही.

वर्तुळखंडात, म्हणजे जीवा आणि कंस यांमधल्या भागात (पाकळी − त्रिकोण), चूक वेगळी होते. त्रिज्या 10 सेमी, कोन 60°, π = 3.14 : पाकळी 52.33, समभुज त्रिकोण 43.25 (√3 = 1.73), खंड 9.08 चौसेमी. घाईत √3 = 1.7 धरलं की खंड 9.83 होतो. त्रिकोणात √3 ला 25 ने गुणलं जातं, त्यामुळे 0.03 चा फरक 0.75 होऊन बसतो; आणि दोन जवळच्या संख्यांच्या वजाबाकीतून उरणारं उत्तर लहान असल्यामुळे तो जास्त जाणवतो. प्रश्नात दिलेली किंमतच वापरायची आणि पूर्णांकात आणण्याची घाई करायची नाही.

आईला काम दिलं ते शिकवण्याचं नव्हतं. आठवडाभर रोज दोन आकृत्या; कंपासने स्वतः काढायच्या, प्रत्येक कंसाच्या केंद्रावर लाल ठिपका द्यायचा, खाली शब्दांतलं वाक्य लिहायचं. आकडेमोड नाही. आईने फक्त विचारायचं, “हा कंस कुठल्या ठिपक्यावरून काढलास?” व्यासाला त्रिज्या समजण्याची चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

पुढच्या भेटीत 14 सेमी बाजूच्या चौरसात आत बसणाऱ्या वर्तुळाचं गणित होतं. तिने 14 लाच त्रिज्या धरलं, 616 लिहिलं, क्षणभर थांबली आणि स्वतःच खोडलं. “चौरसच 196 चा आहे,” म्हणाली.